मला कुणी मारलं नाही, मग मला झालंय काय? एका अबोल्याचं प्रकरण

आधीच सांगते, हे प्रकरण कुणा एका माणसाचं जसंच्या तसं नाहीये. समुपदेशनाच्या कामात अशी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांच्यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र करून आणि ओळखीच्या सगळ्या खुणा काढून एकच माणूस उभा केलाय. नाव देत नाही, नुसतं 'तो' म्हणते.

वय 38, अकाउंट्समध्ये सीनियर, लग्नाला नऊ वर्षं, सहा वर्षांची मुलगी. पहिल्यांदा आला तेव्हा हातात रिपोर्टची जाडजूड फाईल, ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल. रात्री एकदम छातीत धडधडायचं, घाम फुटायचा आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, आता जरा कुणाशी तरी बोला. म्हणून आला, पण मनातून त्याला अजून वाटत होतं की कुठली तरी टेस्ट राहिलीय.

मी नेहमीसारखं लहानपणाबद्दल विचारलं तर म्हणाला, "अहो एकदम नॉर्मल. कुणी कधी हात उचलला नाही, कशाला कमी पडलं नाही, शिक्षण नीट झालं. ट्रॉमा वगैरे मोठ्या गोष्टी झाल्या, तसलं आमच्याकडे काही नव्हतं."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर लगेच काही बोलतच नाही, नुसतं लिहून ठेवते.

त्याऐवजी विचारलं की धडधड शेवटची कधी झाली. तर आठवड्यापूर्वी, रात्री नऊला मॅनेजरचा मेसेज आला होता, "उद्या सकाळी पाच मिनिटं बोलूया." एवढंच. पुढे ना स्मायली ना विषय. तो रात्रभर लॅपटॉप घेऊन बसला, मागच्या तीन महिन्यांचे मेल उघडून आपण कुठे काय चुकलो ते शोधत राहिला, आणि एक नाही तर चार चुका शोधून काढल्या, चारहींची सफाई मनात तयार केली. सकाळी मॅनेजरला फक्त विचारायचं होतं की अमुक जण सुट्टीवर जातोय तर त्याचं काम कोणाला देऊया. मग हायसं वाटलं का, विचारलं. म्हणाला, नाही, मला वाटलं खरं कारण ते आत्ता सांगत नाहीयेत.

## बायको काय म्हणाली

तिसऱ्या-चौथ्या भेटीला मी दोघांना एकत्र बोलावलं. त्याची बायको शांत, स्पष्ट बोलणारी बाई. ती म्हणाली, "मी दमून घरी येते, डोकं दुखत असतं, दहा मिनिटं गप्प पडावंसं वाटतं. पण मला तसं करता येत नाही. आधी हसून दाखवावं लागतं, नाहीतर हा घाबरतो. काय झालं, माझं काही चुकलं का, रागावलीस का, असं सात-आठ वेळा विचारतो, मी नाही म्हटलं तरी पटत नाही, मग भांडी घासायला घेतो, कपड्यांच्या घड्या घालतो, आणि मधे मधे येऊन माझ्या तोंडाकडे बघून जातो. शेवटी मी खरंच चिडते. की मग याला वाटतं, बघ, रागावलीच होती."

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल किती समंजस नवरा, घरकाम करतो, आवाज चढवत नाही. ऑफिसात पण हाच नंबर, कुणाचंही काम गळ्यात घेणार, कधी नाही म्हणणार नाही, सगळ्यांचा लाडका. त्याच्यासोबत घरात राहणाऱ्या बाईला मात्र स्वतःचा थकवासुद्धा लपवून ठेवावा लागत होता.

आणि याची दुसरी बाजू होती, तीच खरं तर त्यांना माझ्यापर्यंत घेऊन आली, फाईल हे निमित्त. चार-पाच महिने सगळ्याला हो हो म्हणून झालं की एक दिवस अगदी फुटकळ कारणावरून त्याच्या आत काहीतरी बंद पडायचं आणि तो बोलणं थांबवायचा. शिव्या नाही, आरडाओरडा नाही, नुसता गप्प. दोन दिवस, तीन दिवस. शेवटच्या वेळी तिसऱ्या दिवशी मुलगी त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी काय केलं?"

हे सांगताना तो पहिल्यांदा रडला. बायकोनं सांगितलं की त्याच रात्री त्यानं स्वतःहून म्हटलं, मला कुणाला तरी दाखवलं पाहिजे.

## घरात काय होतं

मग हळूहळू बाहेर आलं. वडील बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे. घरात आई आणि हा. आई कष्टाळू, घर लख्ख, याचा गणवेश कायम इस्त्रीचा. पण ती अबोला धरायची. कारण कधी कळायचं, बरेचदा कळायचं नाही. एक दिवस, तीन दिवस, कधी पूर्ण आठवडा. जेवायला वाढायची, पण ताट त्याच्याकडे न बघता पुढे ठेवायची. त्यानं हाक मारली तर हाक ऐकूच आली नाही असं वागायची. हा तेव्हा सात-आठ वर्षांचा.

शाळेतून आल्यावर दारात चप्पल काढतानाच स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज कसा येतोय त्यावरून त्याला आज घरात हवा काय आहे ते कळायचं. मग तो न सांगता पाणी भरायचा, केर काढायचा, अभ्यासाला बसायचा, आणि अधूनमधून तिचा चेहरा बघून यायचा. बायकोनं जे वर्णन केलं होतं ते अक्षरशः हेच.

एका वेळची गोष्ट त्यानं फार बारीक सांगितली. वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं, "सॉरी आई, परत नाही करणार," चार घड्या घातल्या आणि रात्री तिच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला. काय परत करणार नाही ते त्याला माहीत नव्हतं, कारण काय केलं तेच माहीत नव्हतं. सकाळी उठून बघितलं तर डबी जागेवर नव्हती, चष्मा आईच्या डोळ्यांवर होता, आणि चिठ्ठी तिथेच, चारही घड्या तशाच. दोन दिवसांनी आई आपोआप बोलायला लागली, काही झालंच नाही अशी. चिठ्ठीचा विषय कुणीच काढला नाही.

हे बोलून झाल्यावर त्यानं फोन काढून दाखवला. नोट्समध्ये बायकोसाठी टाईप केलेले माफीचे मेसेज, दहा-बारा तरी असतील, कुठलाच पाठवलेला नाही. हे मला मुद्दाम दाखवावं असं त्याला का वाटलं ते त्यालाही सांगता आलं नाही.

आता इथे मला जे म्हणायचंय ते जरा नीट सांगते. आई रुसली, चिडली, गप्प झाली, एवढ्यानं कुणाचं आयुष्य बिघडत नाही, तसं असतं तर आपण सगळेच गेलो असतो कामातून. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात एक प्रयोग केला होता, त्यात आई बाळाशी हसत-खेळत असते आणि मग सांगितल्याप्रमाणे एकदम चेहरा निर्विकार करून नुसती बघत बसते. काही मिनिटांचाच खेळ. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आईचं लक्ष परत मिळवायला जे जे येतं ते सगळं करून बघतं, आणि काहीच चालत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, कोलमडतं. हे व्हिडिओ पाहिलेल्यांना ते बाळ लक्षात राहतं. पण ट्रॉनिकच्या कामातला जास्त महत्त्वाचा भाग पुढचा आहे. रोजच्या साध्या वागण्यातही आई आणि बाळ सतत एकमेकांशी जुळलेले नसतातच, बराच वेळ सूर चुकलेला असतो, आणि चुकलेला सूर परत जुळतो या अनुभवातून बाळ शिकतं की बिघडलेलं नीट होतं आणि ते करण्यात माझाही हात असू शकतो.

याच्या घरात नेमकं हेच नव्हतं. अबोला सुरू का झाला ते कळलं नाही आणि संपला का तेही कळलं नाही. कुणी येऊन म्हटलं नाही की अरे मी वैतागले होते, तुझं काही नव्हतं. सात वर्षांचं पोर अशा वेळी एकच निष्कर्ष काढू शकतं की मीच काहीतरी केलंय. आणि खरं सांगायचं तर मुलासाठी हा निष्कर्ष सोयीचासुद्धा असतो, कारण चूक माझी असेल तर ती सुधारणं माझ्या हातात आहे, पण आईच अशी बेभरवशाची असेल तर मग जायचं कुठे.

लढणं, पळणं, गोठणं हे धोक्याला मिळणारे तीन प्रतिसाद बहुतेकांना माहीत असतात. घरातला मोठा माणूसच धोका असेल तर मुलाला लढता येत नाही, पळताही येत नाही, मग समोरच्याला खूश ठेवणं हा चौथा मार्ग ते शोधून काढतं. हे काही आजाराचं अधिकृत नाव नाही, पण कामात रोज दिसतं. शिवाय चेहरे वाचायची नजर तयार होते. सेथ पोलाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या टीमनं मारहाण सोसलेल्या मुलांवर अभ्यास केला, त्यात दिसलं की चेहऱ्यावर राग अगदी पुसटसा असतानाच ही मुलं तो ओळखतात. आमच्या प्रकरणात मार नव्हता, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावत नाही, पण चप्पल काढता काढता भांड्यांचा आवाज वाचणारा मुलगा मला त्याच जातीचा वाटतो. त्या घरात ते कौशल्य होतं. तीस वर्षांनी तीच नजर बायकोच्या डोकेदुखीत राग शोधते आणि मॅनेजरच्या साध्या मेसेजमध्ये नोकरी जाताना बघते.

## नाव काय द्यायचं

त्यानं इंटरनेटवर एसीई टेस्ट, म्हणजे बालपणातले वाईट अनुभव मोजणारी प्रश्नावली, भरली होती आणि स्कोअर आला दोन. मग परत तेच, दोनच आहे म्हणजे माझं काही विशेष नाही. या टेस्टमागचा अभ्यास मोठा आहे, व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या अमेरिकन डॉक्टरांचा, पहिला पेपर 1998 चा, एकूण 17,000 हून जास्त प्रौढ त्यात होते, आणि बालपणातले असे वाईट अनुभव जितके जास्त तितका पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचा धोका वाढतो हे त्यातून स्पष्ट दिसलं. अपमान करणं, घाबरवणं हा भावनिक छळसुद्धा त्यात मोजला होता हे बरेच जण विसरतात. पण हा आकडा मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. एकच गोष्ट एकदा झाली की दहा वर्षं रोज झाली हे त्यात कळत नाही, आणि एकेका माणसाचं भविष्य सांगायला तो वापरू नका असं खुद्द अँडांनीच 2020 मध्ये लिहिलंय. त्याला मी सांगितलं, तो आकडा विसरून जा.

कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे दीर्घकाळ सोसलेल्या आघातातून येणारा मानसिक आजार, तो आहे का, हेही त्यानं विचारलं. हे निदान आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आलंय, 2022 पासून लागू झालंय. भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल खोल कमीपणा, नात्यांमध्ये अडचण, हे त्यातलं बरंचसं त्याला लागू होतं. पण त्यासोबत पीटीएसडीचा गाभाही लागतो, म्हणजे ती घटना आत्ता परत घडतेय असं जिवंत अनुभवणं वगैरे, ते त्याच्यात नव्हतं. सायकिअॅट्रिस्टनी तपासून चिंताविकार लिहिला, गोळी सुरू केली, झोप काही आठवड्यांत सुधारली. माझं मत असं की निदानाचं लेबल कुठलंही असो, त्रास खरा मानायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

## मग केलं काय

सुरुवात लहानपणापासून केली नाही. रात्रीची झोप नाही, त्यात जुन्या जखमा उघडायच्या म्हणजे माणूस अजून ढासळतो. आधी फक्त साखळी लिहायला लावली. बायको गप्प आहे, मग पोटात खड्डा, मग "माझं चुकलं", मग सातदा विचारणं, मग दोन मिनिटं बरं, मग परत पोटात खड्डा. वहीत पाच-सहा प्रसंग लिहिल्यावर त्याच्याच लक्षात आलं की विचारून मिळणारा दिलासा टिकतच नाही.

मग नियम ठरले. काय झालं हे एकदाच विचारायचं आणि जे उत्तर येईल ते खरं धरून चालायचं. विचारण्याआधी वीस मिनिटं थांबायचं, त्या वेळात घरकाम करायचं नाही, कारण ते काम म्हणजे माफीच होती. ही वीस मिनिटं त्याला फार जड गेली. पहिल्या आठवड्यात तो बाथरूममध्ये जाऊन बसायचा, श्वास लांब सोडायचा, पाय जमिनीवर दाबून धरायचा. पण थांबला. आणि थांबल्यावर काय दिसलं, तर बायको अर्ध्या तासानं उठून आपणहून बोलायला लागते. हे त्याच्या शरीराला पुन्हा पुन्हा दिसणं गरजेचं होतं, नुसतं डोक्याला सांगून भागत नाही.

बायकोकडून एकच मागितलं. गप्प राहायचंय तर खुशाल राहा, फक्त आधी एक वाक्य टाका, "दमलेय, तुझ्याशी संबंध नाही, थोड्या वेळानं बोलते." तिला वाटलं हे काय लहान मुलाला सांगितल्यासारखं. पण दोन महिन्यांनी तीच म्हणाली की मला पहिल्यांदाच या घरात दमायची मोकळीक मिळाली.

त्याच्या स्वतःच्या अबोल्यावर मी जास्त कडक होते, कारण तिथे एक सहा वर्षांची पोर होती. राग आला, बोलवत नाहीये, बाजूला जायचंय, सगळं मान्य. पण जाताना परत कधी येणार ते सांगून जायचं, "मला आत्ता बोलता येत नाहीये, नऊ वाजता बोलू," आणि नऊला खरंच यायचं, बोलायला काही सुचलं नसलं तरी. मुलीलाही त्यानं सांगितलं, उशिरा का होईना, की त्या दिवशी मी गप्प होतो ते तुझ्यामुळे नव्हतं, मोठ्यांचं होतं, आणि मी तसं करायला नको होतं. मुलगी म्हणाली "बरं" आणि खेळायला गेली. त्याला वाटत होतं काहीतरी मोठं घडेल. मुलांना दरवेळी मोठं काही लागत नाही.

हे सगळं बऱ्यापैकी बसल्यावर, आठ-नऊ महिन्यांनी, आम्ही त्या चिठ्ठीकडे गेलो. डोळे मिटून तो प्रसंग परत उभा करायचा आणि त्यात आजच्या वयाच्या स्वतःला आत पाठवायचं, अशी एक पद्धत आहे, प्रशिक्षित माणसासोबतच करायची. माझा अंदाज होता तो आईशी भांडेल. तो आईकडे गेलाच नाही. त्यानं डबीखालची चिठ्ठी काढून खिशात घातली आणि त्या मुलाला म्हणाला, "तुला माफी मागायची गरज नाही, चल, बाहेर जाऊ." राग आला तो पुढच्या आठवड्यात, आणि चांगलाच आला, महिनाभर होता. येऊ दिला.

याच काळात त्याला एक गणिताचे सर आठवले. वही विसरला म्हणून वर्गात सगळ्यांसमोर रागावले आणि दहा मिनिटांनी त्यालाच फळ्यावर बोलावून "ये, हे सोडवून दाखव" म्हणून पाठीवर थाप मारली. तेव्हा त्याला धक्काच बसला होता की रागावलेला माणूस इतक्या लगेच नॉर्मल बोलतो. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशकं माग ठेवला, अतिशय अवघड परिस्थितीतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही व्यवस्थित मोठी झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरातलं किंवा बाहेरचं एखादं तरी भरवशाचं मोठं माणूस. याच्यासाठी ते सर होते असं मी म्हणेन. त्यांना बहुधा कल्पनाही नसेल.

## आईचं काय

आई आता सत्तरीकडे झुकलीय, एकटी राहते, आणि अजूनही तेच करते. एका रविवारी येणार नाही म्हटलं तर फोन उचलणं बंद. पूर्वी हा दुसऱ्याच दिवशी गाडी काढून जायचा. या वेळी गेला नाही. ठरलेल्या वारी फोन केला, तिनं उचलला नाही, "मी ठीक आहे, पुढच्या रविवारी येतोय," एवढा मेसेज ठेवला, माफी नाही. ते दिवस त्याचे वाईट गेले, धडधड परत आली, दोनदा मला फोन झाला. अकराव्या दिवशी आईनं फोन केला आणि काही झालंच नाही अशा आवाजात बोलली. या वेळी त्यानं विचारलं, "तू इतके दिवस बोलली नाहीस, का?" ती म्हणाली, "कुठे काय," आणि विषय बदलला.

नंतर मावशीकडून त्याला कळलं की त्याच्यानंतर आईला दोन मुलं झाली होती, एकही जगलं नाही, आणि घरात त्याबद्दल बोलायचं नाही असा दंडक होता. ते अबोल्याचे आठवडे कदाचित तिथलेच. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी खरंच काही केलं नव्हतं." लोक त्याला लगेच सांगायला लागले की बघ, बिचारी, आता विसर सगळं, आईच आहे. मी हे त्याच्याकडून कधीच मागितलं नाही. आईचं दुःख खरं होतं आणि त्या पोराचं भोगणं पण खरं होतं, एकानं दुसरं खोडलं जात नाही. त्याला तिच्याबद्दल कणव वाटते, रागही आहे, तो दर रविवारी जातो आणि संध्याकाळी परत येतो, मुक्काम करत नाही. सध्या हेच त्याला झेपतंय.

दीड वर्ष झालंय. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी होतेय, झोप बरी आहे, भेटी महिन्यातून एकदा. मॅनेजरचा तसला मेसेज आला की अजून तासभर जातो, पण मेल उघडून बसत नाही, सरळ विचारतो की विषय काय आहे. मधे प्रमोशन आलं ते जवळजवळ नाकारणार होता, घेतलं. आता त्याच्या हाताखाली पाच जण आहेत आणि त्यांना त्यांच्या चुका सांगायची वेळ आली की हा गुळमुळीत बोलतो, वर त्यांचं काम स्वतःच करून टाकतो. मागच्या भेटीत आम्ही त्यावर सुरुवात केलीय, पहिला प्रसंग एका उशिरा आलेल्या रिपोर्टचा आहे, आणि काय बोलायचं ती दोन वाक्यं त्यानं वहीत लिहून नेलीत.